जिभेखालची दहा मिनिटं

सिस्टरच्या हातात छोटा टॉर्च असतो. "जीभ वर करा." केली. "अजून चुरा आहे. बसा. बोलू नका, लाळ गिळू नका." मी पुन्हा भिंतीकडेच्या बाकावर. तिथे आम्ही सहा-सात जण ओळीने, तोंडं मिटून, एकमेकांकडे बघायचं नाही हा कुणीही न ठरवलेला नियम पाळत. बाहेरून कुणी डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, मौनाचं शिबिर भरलंय.

अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनावर उपचार म्हणून देतात ती बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळायला पाच ते दहा मिनिटं लागतात. गिळली तर फुकट जाते, कारण पोटातून गेलेल्या औषधाचा बहुतेक भाग यकृतच निकामी करून टाकतं. म्हणून टॉर्च. आणखी एक कारण आहे, तेही सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. काही जण गोळी गालात दाबून बाहेर नेतात आणि विकतात. "तुम्ही तसे आहात असं म्हणत नाही. पण बघणार सगळ्यांच्याच तोंडात." मला भयंकर राग आला होता. तीन महिने रोज ही दहा मिनिटं काढली, त्यात तो राग कधी विरघळला ते लक्षात नाही.

या उपचार केंद्रात जाण्याआधी मी खूप शोधलं होतं. एकतर औषधांची पत्रकं सापडायची, नाहीतर 'मी व्यसनावर मात कशी केली' अशा विजयगाथा. आत गेल्यावर तुमच्याशी नेमकं काय करतात, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे.

माझी सुरुवात मणक्याच्या ऑपरेशननंतरच्या ट्रामाडॉलने, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळीने झाली. सुरुवातीला खरंच दुखत होतं. पुढे दुखणं गेलं आणि गोळी राहिली. एक चुकली की घाम, पोटात मुरडा, पायांना स्वस्थता नाही. मला वाटायचं पाठ पुन्हा बिघडली. ती पाठ नव्हती, ती टर्की होती, म्हणजे सवयीची गोळी न मिळाल्यावर शरीर करतं ती तडफड, हे कळायला वर्ष गेलं. तोवर मात्रा तिप्पट झाली होती. नंतर एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यापासून लपवणं, त्यानंतर चिठ्ठीशिवाय देणारा एक माणूस, त्यानंतर त्याहून कडक गोळ्या. शेवटी शेवटी पाकिटावर छापलंय तेच आत आहे का, याची खात्री मलाच नव्हती. तरी घेत होतो.

त्या काळात मी दोनदा 'बंद' केलं. एकदा घरी, खोलीचं दार लावून, सहा दिवस. दुसऱ्यांदा एका खासगी व्यसनमुक्ती केंद्रात एकवीस दिवस. तिथे काय काय केलं ते लिहीत नाही, पण बाहेर पडताना माझं अभिनंदन झालं, हातात फूल दिलं, आणि जी एक गोष्ट सांगायला हवी होती ती कुणीही सांगितली नाही. शरीराची सवय मोडली की सोसायची ताकदही मोडते. तीन आठवड्यांपूर्वी जी मात्रा जेमतेम पुरत होती, ती आता जीव घेऊ शकते. डिटॉक्स करून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यावरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोसने मरण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट, ही वैद्यकातली जुनी, पक्की माहिती आहे. ते फूल देताना एवढंच एक वाक्य बोलले असते तरी चाललं असतं.

बाहेर पडल्यावर अकराव्या दिवशी मी घेतली. शहाणपणा असा की, नेहमीच्या निम्मीच. सोबत झोपेची एक गोळी, कारण झोप येत नव्हती.

पुढची हकीकत माझी नाही, बायकोची आहे. तीही तिने एका दमात सांगितली नाही, तीन हप्त्यांत सांगितली, महिन्यांच्या अंतराने. पहिला हप्ता: "तू घोरत होतास. मला बरं वाटलं, म्हटलं झोपलास एकदाचा." दुसरा: ते घोरणं वेगळं होतं, घशात पाणी अडकल्यासारखं, आणि मध्ये मध्ये थांबायचं. ती स्वयंपाकघरातून मोजत होती, कशासाठी ते न कळता. एक थांबा लांबला तेव्हा ती आत आली. ओठ निळसर, नखं तशीच. तिसरा हप्ता तिने गाडीत, समोर बघत सांगितला: तिने मला थोबाडीत मारल्या, पाणी ओतलं, शिव्या दिल्या. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत फोनवरची बाई सांगेल तसं नाक दाबून तोंडाने श्वास देत राहिली.

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी नॅलोक्सोन दिलं. मेंदूत ज्या जागांवर अफूजन्य औषध चिकटून बसलेलं असतं, तिथून त्याला ढकलून नॅलोक्सोन स्वतः बसतं आणि श्वास परत चालू होतो. दोन ते पाच मिनिटांचा खेळ. पण त्याच क्षणी सगळी टर्की एकदम अंगावर येते. मी डोळे उघडले आणि ज्याने वाचवलं त्याला जे पहिलं वाक्य बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. उठून घरात जायला निघालो. तो माणूस शांतपणे म्हणाला, "हे औषध तासाभरात उतरेल. तुमच्या पोटात आहे ते नाही उतरणार. चला." नॅलोक्सोनचा असर अर्धा ते दीड तास टिकतो. जे घेतलंय ते त्याहून जास्त वेळ टिकणारं असेल तर माणूस पुन्हा बुडतो. मला बुडताना बघायला दवाखान्यातले लोक चार तास थांबले, असं म्हणायला हरकत नाही.

तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरने भाषण दिलं नाही. सार्वजनिक आरोग्य केंद्राच्या व्यसनोपचार विभागाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. ती चिठ्ठी पुढे तीन आठवडे माझ्या पाकिटात होती, आणि मी पुन्हा गोळ्यांवर होतो. खोटं कशाला लिहू. मरून परत आल्यावर माणूस सुधारतो ही समजूत ज्यांनी पसरवली त्यांनी टर्की बघितलेली नसावी. मी गेलो ते वेगळ्याच कारणाने. एका रात्री जाग आली तर बायको अंधारात उशाशी बसली होती, उलटा हात माझ्या नाकासमोर धरून. विचारलं तर म्हणाली, "रोजच बसते. झोप तू."

केंद्रात शिरताना माझ्या मनात पोलिस ठाणं होतं. निघालं ते नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागासारखंच. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टोकन, भिंतीवर क्षयरोगाचं पोस्टर. समुपदेशक बाईंनी दोन प्रश्न विचारले, माझं नाव लिहून घेण्याच्याही आधी. "शेवटचं कधी घेतलंत?" आणि बायकोकडे वळून, "घरी नॅलोक्सोन आहे का?"

बायकोला ते नावही माहीत नव्हतं. बाईंनी कपाटातून निळी झिप असलेलं पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. माझ्यावर उपचार करायचे की नाही हे अजून ठरलेलं नव्हतं. मी उद्या येईन याची खात्री त्यांना नव्हती, मलाही नव्हती. तरी पाकीट आधी. मला ते तेव्हा अपशकुनी वाटलं. आज वाटतं, त्या इमारतीत सगळ्यात जास्त डोकं कुणी चालवलं असेल तर ते हा क्रम ठरवणाऱ्याने. माणूस सुधारेल तेव्हा सुधारेल, त्याआधी तो जिवंत असायला हवा.

मग डॉक्टर. किती, कशी, किती वर्षं, दारू, इतर आजार. यकृताच्या तपासण्या, कावीळ ब आणि क, एचआयव्ही. "सुई वापरलीत कधी?" नाही. "विचारते सगळ्यांनाच." झोपेच्या गोळ्या घेता का, याला मी नाही म्हणालो. शेजारी बायको खोकली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता हाकलणार. त्या म्हणाल्या, "बरं झालं कळलं. बुप्रेनॉर्फिन एकटं असेल तर श्वास दाबण्याला एक मर्यादा आहे, त्यापुढे मात्रा वाढवली तरी ते फारसं दाबत नाही. सोबत झोपेची गोळी किंवा दारू आली की ती मर्यादा राहत नाही. आणि ती गोळी उद्या एकदम सोडायचीही नाही, फिट येऊ शकते." झोपेच्या गोळीचं वेगळं वेळापत्रक मिळालं, हळूहळू कमी करत न्यायचं. त्याला पाच महिने लागले आणि माझ्या मते तो सगळ्या प्रवासातला जास्त चिवट भाग होता, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही.

औषधं तीन. मेथाडोन, बुप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन. नाल्ट्रेक्सोन हे नशा चढायला अडथळा घालणारं औषध. त्यासाठी आधी सात ते दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं, आणि ते दोन पराक्रम मी करून बसलो होतो. मेथाडोन सर्वांत जुनं. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी 1960 च्या दशकात ते हेरॉइनच्या रुग्णांना रोज ठरावीक मात्रेत देऊन पाहिलं आणि 1965 मध्ये निष्कर्ष छापले. लोक कामावर जायला लागले, घरी राहायला लागले. 2005 पासून मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. माझ्यासाठी बुप्रेनॉर्फिन ठरलं.

आता तो दिवस. सूचना एकच होती: शेवटची गोळी आदल्या रात्री आठला, त्यानंतर काही नाही, आणि सकाळी टर्की लागलेल्या अवस्थेतच या. ऐकायला विकृत वाटतं, त्यामागचं कारण मात्र साधं आहे. बुप्रेनॉर्फिन त्या मेंदूतल्या जागांना फार घट्ट धरतं, पण काम अर्धंच करतं. अंगात दुसरं औषध अजून भरलेलं असताना ते घेतलं, तर पूर्ण काम करणाऱ्याला उठवून अर्धं काम करणारा बसतो, आणि काही मिनिटांत भीषण टर्की येते. आधीची जागा रिकामी झालेली असेल तर तीच गोळी आराम देते. सगळी गंमत वेळेची.

नऊला पोचलो. सिस्टरकडे अकरा मुद्द्यांचा कागद होता. नाडी, घाम, अस्वस्थता, डोळ्यांच्या बाहुल्या, हाडं दुखणं, नाक-डोळे गळणं, पोट, थरथर, जांभया, चिडचिड आणि शेवटचं अंगावरचा काटा. काटा तपासायला तिने माझ्या हातावरून बोट उलट्या दिशेने फिरवलं, जसं आपण कापडाची लव बघतो. "सात. थांबा."

मी सात म्हणजे काय विचारलं. सौम्य. मला सौम्य वगैरे काही वाटत नव्हतं. तासाभराने पुन्हा. नऊ. "अजून थोडं थांबू." मी भांडलो. म्हटलं, मी एवढा थरथरतोय आणि तुम्ही बेरीज करत बसलाय. ती म्हणाली, "तिकडे बघा." पलीकडच्या कॉटवर एक विशीतला मुलगा गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, बादली शेजारी. त्याने सकाळी सहाला घेतलं होतं आणि काल दुपारी घेतलं असं सांगितलं होतं. पहिली गोळी विरघळायच्या आतच तो आडवा झाला. त्याची आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत एकच वाक्य म्हणत होती, "खरं सांगायचं ना रे, खरं सांगायचं." त्याला डॉक्टर औषध देतच होत्या, संध्याकाळपर्यंत तो उठून बसलाही. पण मी त्यानंतर बेरजेबद्दल तक्रार केली नाही.

साडेअकराला तेरा झाले. दोन मिलिग्रॅमची पांढरी गोळी जिभेखाली ठेवली. कडू, आणि त्यावर कसलीशी लिंबाची नक्कल. चाळीस मिनिटं काही नाही. मग जांभया थांबल्या. नाक थांबलं. दुसरी गोळी, तासाने तिसरी. दिवसअखेर आठ मिलिग्रॅम.

चढली का, असं नंतर एका नातेवाइकाने हळूच विचारलं होतं. नाही. घडलं ते असं की दुपारी दोनच्या सुमारास मला भूक लागली. नुसती भूक, जेवायच्या वेळेला लागते तशी. ती शेवटची कधी लागली होती ते आठवेना, आणि मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत रडायला लागलो. सिस्टरने तेही कागदावर लिहून घेतलं असावं.

मग सुरू झाली ती रोजची रांग. नऊ ते बारा खिडकी उघडी. माझी नोकरी नऊची. केंद्राबद्दल माझी खरी तक्रार हीच, आणि ती मी तिथल्या वहीतही लिहिली. कामधंद्याला लागा म्हणायचं आणि औषध मात्र कामाच्या वेळेतच द्यायचं. माझा साहेब समजूतदार निघाला म्हणून निभावलं. रांगेतल्या एकाची रोजंदारी याच पायी गेली आणि तो यायचा बंद झाला. त्याचं पुढे काय झालं, माहीत नाही. गोळी देणारा एक जण नाव आणि मात्रा मोठ्याने पुकारायचा. त्याला सांगितल्यावर आठवडाभर हळू बोलला, मग परत तेच.

घरात दुसरीच लढाई. आई म्हणाली, "एक सुटलं आणि दुसरं लागलं, एवढंच ना?" तिचं चूक म्हणता येत नाही. अंगाला ते लागतंच. सोडलं तर टर्की येणार. समुपदेशक बाई अशा वेळी मधुमेह आणि इन्सुलिनची उपमा देतात. मला ती फार पटत नाही, इन्सुलिनसाठी कुणी घरातले दागिने विकत नाही. आईला मी हिशेब सांगितला. आधी दिवसातले किती तास गोळीच्या विचारात जायचे: कुठून आणायची, किती उरल्या, कुणाला काय सांगायचं. जागेपणीचे जवळजवळ सगळे. आता सकाळची दहा मिनिटं. उरलेल्या वेळात मी तुझ्याशी भांडू शकतो. तिने ऐकलं. पटलं असं नाही, पण नंतर सकाळी "गोळी झाली का" असं विचारायला लागली.

आकडे हवे असतील तर 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. मेथाडोनवर असताना दर हजार व्यक्ती-वर्षांमागे (म्हणजे हजार जण वर्षभर पाहिले तर) साधारण 11 मृत्यू, उपचार सोडल्यावर 36. बुप्रेनॉर्फिनचे आकडे 4 आणि 9 च्या आसपास. आणि सोडल्यानंतरचा पहिला महिना सगळ्यात घातक. हा कागद डॉक्टरांनी मला तेव्हा दाखवला, जेव्हा चौथ्या महिन्यात मी म्हणालो की आता बरा आहे, बंद करू या.

त्या निळ्या पाकिटाचं प्रशिक्षण बायकोने आणि आईने दोघींनी घेतलं. मी सोबत गेलो, पण शिकवताना बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. बरोबरच होतं. हे औषध ज्याला लागतं त्याला ते स्वतःला देता येत नाही. मी त्या खोलीत फक्त नमुना होतो.

शिकवलं ते थोडक्यात असं. हाक मारा, खांदे हलवा. उठला नाही तर छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या पेरांनी जोरात घासा. तरी उठत नसेल, श्वास मंद किंवा थांबलेला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन. मग डोकं मागे झुकवून एका नाकपुडीत स्प्रे, शेवटपर्यंत दाबून. श्वास येईपर्यंत दर पाच सेकंदाला एक श्वास तोंडाने द्या. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा स्प्रे, दुसऱ्या नाकपुडीत. श्वास आला की कुशीवर वळवा, आणि सोडून जाऊ नका. ज्याने काहीच घेतलं नसेल त्याला नॅलोक्सोन दिलं तरी त्याने बिघडत नाही, तेव्हा शंका असेल तर द्या. थंड पाणी, थोबाडीत, मीठ-पाणी पाजणं, यातलं काही नको. थोबाडीत म्हटल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही.

सरावासाठी रिकामे स्प्रे होते आणि एक चेहरा घासून गेलेला पुतळा. बायकोने स्प्रे हातात घेतला आणि, नाकाचा स्प्रे आपण घेतो तसा, चालतोय का बघायला आधी हवेत दाबला. बाई म्हणाल्या, "गेला. यात एकच डोस असतो." बायकोचा चेहरा एकदम उतरला, जणू पुतळा खरंच गेला. मग तिने तो सराव सात वेळा केला. आईने श्वास मोजताना आकडे न मोजता हळू आवाजात काहीतरी स्तोत्र म्हटलं, आणि बाईंनी घड्याळ लावून पाहिलं तर दर ओळीला बरोबर पाच सेकंद पडत होते. ते तसंच चालू द्यायचं ठरलं.

त्याच वर्गात नॅलोक्सोनची गोष्ट ऐकली. जॅक फिशमन आणि मोझेस लेव्हनस्टाइन यांनी 1961 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1971 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढची पंचवीसेक वर्षं ते दवाखान्यात आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्येच राहिलं. 1996 मध्ये शिकागोतल्या एका स्वयंसेवी गटाने ते सरळ नशा करणाऱ्यांच्याच हातात द्यायला सुरुवात केली, कारण ओव्हरडोस होतो तिथे डॉक्टर नसतो, मित्र असतो. जागतिक आरोग्य संघटनेने असं करावं हे 2014 मध्ये सांगितलं. काही देशांत ते आता चिठ्ठीशिवाय मिळतं, बऱ्याच ठिकाणी अजून नाही. मधल्या काळात, 2003 मध्ये, खुद्द फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. ज्याने उतारा शोधला त्याच्याच घरातला. बाईंनी हे सांगून लगेच पुढचा प्रश्न विचारला, "तर पाकीट घरात कुठे ठेवणार?" आई म्हणाली, कपाटात, कुलपात. "नको. हाताशी. सगळ्यांना माहीत असलेल्या जागी." फ्रिजवर ठरलं. कुलूप माझ्या गोळ्यांना लागलं.

कारण तोवर मला आठवड्याच्या गोळ्या घरी मिळायला लागल्या होत्या. लघवीच्या तपासण्या ओळीने स्वच्छ आल्या की मिळतात. मोठ्या माणसाला रोज लागणारी एक गोळी लहान मुलाने चघळली तर त्याचा श्वास थांबू शकतो, म्हणून कुलपाचा डबा दाखवल्याशिवाय पहिला आठवडा हातात मिळाला नाही. गोळी विरघळली की पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि ब्रश तासाभराने करायचा, नाहीतर दात किडतात, हेही तेव्हाच सांगितलं. माझी एक दाढ तोवर गेली होती. बद्धकोष्ठ आहे. रात्री घाम येतो. हे सगळं चालू आहे.

पाचव्या महिन्यात मी घसरलो. जुना माणूस रस्त्यात भेटला, दोन दिवस गोळ्या घेतल्या. गंमत अशी की त्या फारशा लागल्याच नाहीत, बुप्रेनॉर्फिन जागा अडवून बसलं होतं. पण घेतल्या. सोमवारी खिडकीपाशी उभा राहून मी सांगितलं. आत बोलावलं. खासगी केंद्रात अशा वेळी काय झालं असतं ते मला माहीत होतं. इथे डॉक्टरांनी विचारलं, "दुपारनंतर अस्वस्थ वाटतं का?" वाटायचं, कितीतरी दिवस. मी ते सांगितलं नव्हतं, कारण मात्रा वाढवून मागणं म्हणजे लालूच, असं मीच ठरवलं होतं. आठाची बारा मिलिग्रॅम झाली. घरी न्यायच्या गोळ्या महिनाभर बंद, पुन्हा रांग, पुन्हा टॉर्च. ते मला शिक्षेसारखं वाटलं आणि थोडंसं होतंही. पण नाव कापलं नाही.

परत त्या बाकावर बसलो तर शेजारी तो बादलीवाला मुलगा. तोंड मिटलेलंच. त्याने डोळ्यांनी विचारलं, काय काका, परत? मी मान हलवली. गोळी विरघळल्यावर तो म्हणाला, "माझं नववं. टॉर्चला आता मी ओळखीचा आहे."

आता दोन वर्षं झाली. बारावर आहे. कमी कधी करायचं हे मी विचारत नाही, डॉक्टरही घाई करत नाहीत.

गेल्या आठवड्यात बायकोने फ्रिज पुसताना पाकीट उघडून पाहिलं. स्प्रेची मुदत त्याच महिन्यात संपत होती. मी ते घेऊन केंद्रात गेलो. नवं द्यायचं तर जुन्याचं काय झालं ते नोंदवावं लागतं. खिडकीतल्या मुलीने रजिस्टर उघडलं. तीन रकाने होते: वापरलं, हरवलं, मुदत संपली. तिने मान वर न करता विचारलं, "काय झालं याचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तसंच होतं."

तिने तिसऱ्या रकान्यात टिक केली आणि माझी सही घेतली.